‘मोकळा’ हा शब्द आणि वसईचे तीन तह

बंधन नसणें ही गोष्ट सांगण्यासाठीं मराठींत शब्दांची वाण नाहीं. स्वतंत्र, मुक्त, स्वैर, स्वच्छंद, अनिर्बंध हे शब्द संस्कृताच्या घरचे. बेबंद, बेलगाम, खलास, मुभा हे फारशी-अरबीच्या वाटेनें आलेले. आणि मोकळा, मोकाट, सुटा हे आपल्याच अंगणांत वाढलेले. परंतु हे शब्द रोजच्या व्यवहारांत कोणत्या अर्थानें वापरले जातात हें पाहूं लागलें म्हणजे एक चमत्कारिक गोष्ट दृष्टीस पडते. यांपैकीं बहुतेक शब्द मूळ अर्थावर टिकून राहिलेले नाहींत. ते हळूहळू घसरत दोषवाचक झाले आहेत. ‘बेबंद’ याचा अक्षरार्थ बंध नसलेला एवढाच; पण ‘बेबंदशाही’ म्हटलें कीं अंदाधुंदी आणि लुटालूट डोळ्यांपुढें उभी राहते. ‘स्वच्छंद’ म्हणजे आपल्या इच्छेनें चालणारा. पण आपला मुलगा स्वच्छंदी आहे असें कोणी म्हटलें तर तें ऐकून बापास बरें वाटत नाहीं. ‘स्वैर’ या शब्दाची गतही तीच. ‘बेलगाम’ जीभ आणि ‘मोकाट’ गुरें यांविषयीं तर बोलावयासच नको. ‘खलास’ हा शब्द अरबींत सुटकेचा वाचक. मराठींत मात्र जो खलास झाला तो संपलाच!

सर्वांत गमतीची कथा ‘निर्बंध’ या शब्दाची. निर्मळ, निर्भय, निर्दोष या शब्दांच्या धर्तीवर पाहिलें तर ‘निर्बंध’ म्हणजे बंध नसलेला, असें कोणासही वाटेल. संस्कृतांत त्याचा अर्थ आग्रह किंवा हट्ट असा आहे. आणि मराठींत तर तो बंधन याच अर्थीं रूढ होऊन बसला आहे. त्यामुळें बंधन नाहीं असें सांगावयाचें झालें कीं त्याच्यामागें आणखी एक नकार जोडून ‘अनिर्बंध’ असा शब्द आपणांस वापरावा लागतो. आणि तोही पुन्हां निंदेच्याच सुरांत! बंधन सुटलेला मनुष्य काय करील याचा भरंवसा नाहीं, अशी एक धास्ती समाजाच्या मनांत असते, आणि तीच या शब्दांच्या अर्थांत उतरते, असें आम्हांस वाटतें.

या सगळ्या शब्दांत ‘मोकळा’ हा एक शब्द असा आहे कीं, जो शेंकडों वर्षें वापरांत असूनही फारसा बाटला नाहीं. ‘मोकळ्या मनाचा मनुष्य’ ही आजही स्तुतीच आहे. असें कां झालें असावें, या शब्दाच्या पोटांत असा कोणता अर्थ आहे कीं ज्यानें त्यास सांभाळलें, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. परंतु शब्दाचा अर्थ नुसत्या कोशावरून पुरता कळत नाहीं. माणसांनीं एकमेकांस बांधलें किंवा सोडलें अशा प्रसंगांवर तो घांसून पाहावा लागतो. अशी कसोटी म्हणून आम्हीं वसई हें स्थळ निवडलें आहे. कारण उघड आहे. या एका गांवाच्या नांवाशीं तीन तह निगडित आहेत: पहिला १५३४ सालचा, दुसरा १७३९ सालचा आणि तिसरा १८०२ सालचा. तिन्हींचा विषय एकच: कोणास कोठवर मोकळें ठेवावयाचें.

प्रथम शब्दाकडे पाहूं. ‘मोकळा’ याचें मूळ ‘मुच्’ म्हणजे सोडणें या धातूशीं जाऊन पोंचतें. ‘मुक्त’ हाही त्याच धातूचा. बाराव्या शतकांत गुजराथेंत होऊन गेलेल्या हेमचंद्र या जैन आचार्यानें आपल्या ‘देशीनाममाला’ या कोशांत ‘मुक्कल’ असा प्राकृत शब्द नोंदिला असून त्याचे ‘उचित’ आणि ‘स्वैर’ असे दोन अर्थ दिले आहेत. आपल्या ‘मोकळा’ शब्दाचा हा पूर्वज होय. एकाच शब्दाच्या पोटांत योग्य आणि यथेच्छ हे दोन्ही अर्थ सुखानें नांदावेत ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. तिचा उपयोग पुढें होणार आहे.

जुन्या मराठींत ‘मोकलणें’ हें क्रियापद सोडून देणें, टाकून देणें या अर्थीं येतें. आज तें ‘धाय मोकलून रडणें’ या वाक्प्रचाराच्या आश्रयानें कसेंबसें जिवंत आहे. शेजारच्या गुजराथींत मात्र ‘मोकलवुं’ हें क्रियापद धडधाकट असून त्याचा अर्थ पाठविणें असा होतो. वसईच्या बाजारांत मराठी आणि गुजराथी या दोन्ही भाषा कानीं पडतात. तेव्हां एकाच कुळांतल्या या दोन क्रियापदांची भेट तेथें सहज घडते. सोडणें आणि पाठविणें यांत अंतर थोडें आहे. सोडणारा आपला हात काढून घेतो. पाठविणारा हात काढून घेतो आणि पुढची वाटही दाखवितो.

आतां चालू मराठीकडे वळूं. बाई बाळंत होऊन मोकळी होते. कर्ज फिटलें कीं ऋणको मोकळा होतो. मुलीचें लग्न उरकलें कीं ‘आतां मी मोकळा झालों’ असें बाप म्हणतो, आणि असें म्हणतां म्हणतां त्याचे डोळे भरून येतात. बसून अवघडलेला मनुष्य पाय मोकळे करण्यास बाहेर पडतो. फार दिवस मनांत कोंडलेलें दुःख मित्रापाशीं बोलून मन मोकळें करतां येतें. सुगरणीचा भात मोकळा होतो, म्हणजे त्याचें शीत शितास चिकटत नाहीं. न्हाऊन आलेली बाई वाळवण्यासाठीं केस मोकळे सोडते. गर्दी बाजूस सरून वाट मोकळी करून देते.

या उदाहरणांवरून तीन गोष्टी निघतात. पहिली ही कीं, ‘मोकळा’ म्हटलें कीं कशापासून मोकळा, हा प्रश्न उभा राहतो आणि त्याचें उत्तरही ठरलेलें असतें. कर्ज, अवघडलेपण, गर्दी, गर्भाचा भार अशी एखादी नेमकी वस्तु तेथें असते. ‘स्वातंत्र्य’ या शब्दाप्रमाणें तो आकाशास गवसणी घालीत नाहीं. दुसरी गोष्ट ही कीं, जें बंधन सुटलें तें वाईटच असलें पाहिजे असें नाहीं. बाळंतिणीस मूल नकोसें झालेलें नसतें, आणि बापास लेक जड झालेली नसते. बंधनाविषयीं द्वेष न बाळगतां त्यांतून बाहेर येणें या शब्दास कळतें. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. मोकळी झालेली वस्तु आपलें स्वरूप सोडीत नाहीं. मोकळा भात हा भातच असतो. किंबहुना तोच चांगला भात. मोकळे केस डोक्यावरच असतात. येथेंच ‘मोकळा’ आणि ‘मोकाट’ यांची वाट वेगळी होते. मोकाट गुराला धनी नसतो आणि दावणही नसते; मोकळें सोडलेलें गुरूं संध्याकाळीं गोठ्याकडे परत येतें. हेमचंद्रानें ‘मुक्कल’ शब्दाचा जो ‘उचित’ असा अर्थ दिला आहे त्याची सोबत या शब्दानें अजून सोडलेली नाहीं, असें आम्ही समजतों.

‘मोकळा’ यावरून ‘मोकळीक’ हें नाम झालें. मोकळीक ही बहुधा कोणीतरी कोणास तरी दिलेली असते. तिला देणारा लागतो. ‘मुभा’ हाही तसाच शब्द आहे. परंतु दोहोंत भेद आहे. मुभा देणारा आपला हात खांद्यावर ठेवूनच ती देतो, आणि मनास येईल तेव्हां ती परतही घेतो. मोकळीक देणाऱ्यानें हात काढून घेतलेला असतो. म्हणून मुभा देण्यास नुसता अधिकार पुरतो. मोकळीक देण्यास अधिकारावांचून आणखीही कांहीं लागतें. तें काय, हें आतां वसईच्या तहांवरून पाहूं.

वसई हें उल्हास नदीच्या खाडीच्या मुखाशीं वसलेलें जुनें बंदर. सोळाव्या शतकाच्या आरंभीं तें गुजराथच्या सुलतानाच्या ताब्यांत होतें. सुलतान बहादुरशहा हा हुमायूनच्या स्वारीच्या भयानें गांजलेला असतां त्यानें पोर्तुगीजांशीं तह केला आणि २३ डिसेंबर १५३४ रोजीं वसई व तिच्याखालचा मुलूख त्यांच्या स्वाधीन केला. या तहांतील जमिनीची गोष्ट सर्वांच्या लक्षांत राहते. आम्हांस समुद्राची गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. गुजराथेंतून तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या जहाजांनीं प्रथम वसईस यावें, तेथें पोर्तुगीजांचा परवाना घ्यावा, आणि परततांना पुन्हां तेथेंच येऊन जकात भरावी, अशी अट त्यांत होती. या परवान्यास पोर्तुगीज भाषेंत ‘कार्ताझ’ म्हणत. परवान्यावांचून जें जहाज सांपडेल तें धरावें, असा त्यांचा दंडक होता.

वास्तविक समुद्रासारखी मोकळी वस्तु दुसरी कोणती? त्यास कुंपण नाहीं, बांध नाहीं, शिवार नाहीं. ज्या पाण्यावरून अरब, गुजराथी आणि कोंकणी तांडेल शेंकडों वर्षें वाऱ्याखेरीज कोणाचीही परवानगी न घेतां जात-येत होते, तें पाणी एका कागदानें बांधलें गेलें. या बंधनाविरुद्ध युरोपांतच पुढें एक प्रसिद्ध ग्रंथ निर्माण झाला, ही गोष्ट येथें सांगण्याजोगी आहे. १६०३ सालीं डच लोकांनीं सिंगापूरजवळ ‘सांता कातारिना’ नांवाचें पोर्तुगीज जहाज पकडलें. त्या कृत्याच्या समर्थनार्थ ह्यूगो ग्रोशियस या डच कायदेपंडितानें लेखन केलें, आणि त्यांतील एक प्रकरण १६०९ सालीं ‘मारे लिबेरुम’ म्हणजे ‘मोकळा समुद्र’ या नांवानें प्रसिद्ध झालें. समुद्र कोणाच्याही मालकीचा होऊं शकत नाहीं, हा त्याचा सिद्धांत. सिद्धांत उत्तम, परंतु तो ज्यांच्या बाजूनें मांडला गेला त्या डचांनीं मसाल्याच्या बेटांत आपला जम बसतांच तेथील व्यापार इतर सर्वांस बंद करून टाकला! आपल्यासाठीं मोकळीक मागणें आणि दुसऱ्यास मोकळीक देणें या दोन अगदीं निराळ्या गोष्टी आहेत, हें याहून स्पष्ट कोठें दिसणार?

समुद्राप्रमाणेंच जमिनीवरही बंधनें आलीं. पोर्तुगीज अंमलांत वसई हें ‘उत्तर प्रांता’चें मुख्य ठाणें होऊन वैभवास चढलें. तटबंदीच्या आंत चर्चें, मठ आणि सरदारांचे वाडे उठले. आज भग्न स्थितींतही त्यांच्या कमानी पाहून बांधणाऱ्यांच्या कौशल्याचें कौतुक वाटल्यावांचून राहत नाहीं. परंतु त्या वैभवाची दुसरी बाजूही आहे. १५६० सालीं गोव्यांत इन्क्विझिशन स्थापन झालें; १५६७ सालीं गोव्यास भरलेल्या धर्मपरिषदेनें हिंदूंच्या उघड धर्माचरणावर बंदी घालण्याचे ठराव केले; आणि या धोरणाची छाया वसई-साष्टीवरही पडली. देवळें पडलीं, आणि आपल्याच गांवांत आपलें लग्न किंवा श्राद्ध मोकळेपणानें करण्याची सोय राहिली नाहीं. अंजूरचे गंगाजी नाईक आणि त्यांच्यासारखे इतर प्रमुख गृहस्थ पेशव्यांकडे दाद मागण्यास गेले तें या कारणानें. प्रजेस किती मोकळीक द्यावी याचा विचार राज्यकर्त्यानें केला नाहीं कीं प्रजा दुसरा राज्यकर्ता शोधूं लागते, हा इतिहासाचा नेहमींचा धडा येथेंही दिसतो.

१७३७ सालीं मराठ्यांनीं ठाणें आणि साष्टी घेतली. पुढें दोन वर्षें उत्तर कोंकणांतील एकेक ठाणें पडत गेलें, आणि १७३९ च्या फेब्रुवारींत चिमाजीआप्पांनीं खुद्द वसईस वेढा घातला. या वेढ्याची हकीगत मराठी वाचकांस परिचित आहे. सुरुंग लावून तट उडविण्यांत आला. खिंडारांत शिरलेले शेंकडों लोक दारूगोळ्याखालीं गाडले गेले. पोर्तुगीजांचा सेनापति मार्तिन्यू द सिल्वैरा द मेनेझिश हा लढतां लढतां पडला. मराठ्यांच्या मृतांचा व जखमींचा आंकडा त्यांच्याच कबुलीप्रमाणें पांच हजारांवर गेला, असें ग्रँट डफ लिहितो. शेवटीं मे महिन्यांत किल्लेदार कायतान द सोझा परैरा यानें शरणागतीच्या शर्ती मान्य केल्या.

पांच हजार माणसें ज्या तटाखालीं पडलीं, तो तट हातीं आल्यावर विजयी सैन्यानें काय केलें असतें तरी त्या काळाच्या रीतीप्रमाणें त्यास कोणी फारसा दोष दिला नसता. म्हणून तहाच्या शर्ती बारकाईनें पाहण्याजोग्या आहेत. पोर्तुगीज सैन्यानें आपलीं हत्यारें घेऊन, नगारे वाजवीत व निशाणें फडकवीत बाहेर पडावें. ज्या नागरिकांस जावयाचें असेल त्यांनीं आपली चीजवस्त घेऊन जावें. ते सर्व निघून जाईपर्यंत मराठ्यांनीं शहरांत शिरूं नये. जे ख्रिस्ती लोक मागें राहतील त्यांस आपल्या धर्माप्रमाणें वागण्याची मोकळीक असावी आणि उपासनेसाठीं कांहीं चर्चें त्यांजकडे राहावींत. ठरल्याप्रमाणें वाट मोकळी झाली. पोर्तुगीज गलबतांत बसून मुंबईकडे निघून गेले, आणि मग मराठे आंत शिरले.

आम्हीं पूर्वीं म्हटलें कीं मोकळीक देण्यास अधिकारावांचून आणखी कांहीं लागतें. तें काय, याचें उत्तर या शर्तींत आहे. पराभूतास नगारे वाजवीत जाऊं देणें म्हणजे त्याची मान खालीं न घालवितां त्यास सोडणें होय. गुजराथी ‘मोकलवुं’ आणि मराठी ‘मोकलणें’ हे दोन्ही अर्थ येथें एकत्र आले: त्यांस सोडलें, आणि वाट देऊन पाठविलें. त्याहून मोठी गोष्ट मागें राहिलेल्या ख्रिस्ती रयतेची. ज्या धर्माच्या नांवावर पूर्वींच्या अंमलानें आपल्या लोकांस जाचलें, त्याच धर्माच्या लोकांस, ते पूर्णपणें आपल्या मुठींत आले असतां, तुम्ही आपल्या रीतीनें देवाची प्रार्थना करा, असें लिहून देणें ही गोष्ट सोपी नव्हती. गांजलेल्या माणसाच्या हातीं सत्ता आली म्हणजे तो बहुधा जुनें बंधन मोडीत नाहीं. तेंच उचलून दुसऱ्याच्या पायांत घालतो. तसें न करण्याचें येथें वचन देण्यांत आलें.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे. कोणी म्हणेल कीं, यांत औदार्य कसलें? पावसाळा तोंडावर आला होता, सैन्य थकलें होतें, कोंडलेला शत्रु जिवावर उदार होऊन लढला असता तर आणखी हजारों माणसें खर्ची पडलीं असतीं. तेव्हां वाट मोकळी करून देणें हा हिशेबाचाच भाग होता. हें आम्हांस मान्य आहे. शर्ती पोर्तुगीजांनीं मागून घेतल्या होत्या, हेंही खरें. शिवाय तह झाला म्हणून सर्व कांहीं गोड झालें असें नव्हे. वसई प्रांतांतील चर्चांच्या घंटा उतरवून विजयचिन्हें म्हणून देशावर नेण्यांत आल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळांत आणि भीमाशंकरीं त्या आजही पाहावयास मिळतात. भीमाशंकरच्या घंटेवर १७२९ हें साल कोरलेलें आहे. ज्या गांवाची घंटा गेली त्या गांवच्या भाविकांस काय वाटलें असेल याची कल्पना, ज्यांचीं देवळें त्यांपूर्वीं पडलीं होतीं त्यांस तरी करतां यावयास हवी होती.

परंतु वचनाची परीक्षा तें कोणत्या हेतूनें दिलें यावरून होत नाहीं. त्याचें फळ काय झालें यावरून होते. युरोपीय पाद्री निघून गेले, राज्य बदललें, तरी वसईच्या बागाइतांतील ख्रिस्ती समाज नाहींसा झाला नाहीं. तो तेथेंच राहिला, केळीच्या आणि पानवेलीच्या बागा करीत राहिला, आणि आपल्या चर्चांत जात राहिला. सामवेदी समाजाची कादोडी बोली त्याच्या एका भागाच्या ओठांवर आजही आहे. दुसऱ्या भागाच्या ओठांवर वाडवळी आहे. त्याच बोली शेजारच्या हिंदु घरांतूनही ऐकूं येतात. हेतु कांहींही असो, मोकळीक खरी होती कीं खोटी, याचें उत्तर हा समाज आपल्या अस्तित्वानेंच देत आहे.

आतां तिसऱ्या तहाकडे येऊं. मध्यंतरीं १७८० च्या डिसेंबरांत इंग्रज सेनापति गॉडर्ड यानें वसई जिंकली होती. १७८२ च्या सालबाईच्या तहानें ती मराठ्यांस परत मिळाली. पुढें २५ ऑक्टोबर १८०२ रोजीं हडपसरच्या लढाईंत यशवंतराव होळकरांनीं पेशव्यांच्या व शिंद्यांच्या फौजेचा मोड केला, आणि दुसरा बाजीराव पुणें सोडून कोंकणांत उतरला व समुद्रमार्गें वसईस आला. ज्या गांवीं त्याच्या चुलत आजोबांनीं शत्रूस मोकळी वाट दिली होती, त्याच गांवीं ३१ डिसेंबर १८०२ रोजीं त्यानें इंग्रजांशीं तह करून स्वतःस बांधून घेतलें. सहा हजारांहून कमी नाहीं एवढी इंग्रजांची पायदळ फौज त्यानें आपल्या राज्यांत कायमची ठेवावी. तिच्या खर्चासाठीं २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यावा. इंग्रजांशीं वैर असलेल्या युरोपीय राष्ट्राच्या माणसास चाकरींत ठेवूं नये. निजाम व गायकवाड यांच्याशीं असलेल्या तंट्यांत इंग्रजांचा निवाडा मानावा. आणि त्यांच्या सल्ल्यावांचून कोणाशीं युद्ध किंवा बोलणें करूं नये, अशीं कलमें होतीं.

या तहांत कोठेंही ‘बंधन’ असें म्हटलेलें नाहीं. भाषा मैत्रीची आहे, संरक्षणाची आहे. बाजीरावास पुण्याची गादी परत मिळाली. १८०३ च्या मे महिन्यांत तो वाजतगाजत पुण्यास पोंचला. परंतु नगाऱ्यांचा आवाज दोन्ही वेळां सारखा असला तरी अर्थ किती निराळा! १७३९ सालीं पराभूत पोर्तुगीज नगारे वाजवीत गेले ते मोकळे होऊन गेले. १८०३ सालीं पेशवा नगारे वाजवीत आला तो बांधला जाऊन आला. गादी हातीं राहिली, हात मात्र मोकळे राहिले नाहींत. पुढें सोळा वर्षांच्या आंत, १८१८ सालीं, ती गादीही गेली. पेशव्यास जें मिळालें ती मुभा होती. खांद्यावरचा हात कधींच निघाला नव्हता.

तिन्ही तह असे एकत्र ठेवून पाहिले म्हणजे ‘मोकळा’ या शब्दाचा अर्थ आम्हांस अधिक स्पष्ट दिसूं लागतो. १५३४ सालीं जें सर्वांचें होतें तें एकानें आपलें म्हणून बांधलें. १८०२ सालीं ज्यास संरक्षण हवें होतें त्यानें त्याच्या मोबदल्यांत आपले हात देऊं केले. मधल्या एका प्रसंगीं मात्र बलवानानें दुर्बळावरील आपला हात काढून घेतला. आणि ज्यास मोकळें केलें तो मोकाट झाला नाहीं, आपल्या जागीं, आपल्या रीतीनें, शेजारधर्म पाळून राहिला. ‘उचित’ आणि ‘स्वैर’ हे हेमचंद्रानें दिलेले दोन अर्थ एकमेकांचे वैरी नाहींत, हें त्या समाजानें दाखवून दिलें. बंधन सुटलेल्या माणसाची आपल्या भाषेस जी धास्ती वाटते, ती निदान या ठिकाणीं तरी अनाठायीं ठरली.

आज वसईचा किल्ला पुरातत्त्व खात्याच्या ताब्यांत असून त्याचे दरवाजे कोणासही अडवीत नाहींत. भोंवतालचा मुलूख मात्र पुष्कळ बदलला. २००९ सालीं वसई-विरार महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेंत तिची वस्ती बारा लाखांवर भरली. २०१४ सालीं पालघर हा स्वतंत्र जिल्हा होऊन वसई तालुका त्यांत गेला. या बदलाबरोबर आमच्या शब्दालाही एक नवीन अर्थ चिकटूं पाहत आहे, आणि तो आम्हांस चिंतेचा वाटतो. ‘मोकळी जागा’ म्हणजे पूर्वीं जेथें गुरें चरत, मुलें खेळत, वारा येई अशी जागा. आतां जाहिरातींतून तिचा अर्थ जेथें अजून इमारत उठली नाहीं अशी जागा, एवढाच उरूं लागला आहे. भातखाचर, मिठागर, पाणथळ, सगळें या अर्थानें ‘मोकळेंच’. मोकळें आणि रिकामें हे दोन शब्द एक झाले तर मोठी हानि होईल. रिकाम्या वस्तूवर कोणीही हक्क सांगावा. मोकळी वस्तु मात्र आपल्या स्वरूपानें भरलेली असते, आणि ती तशी ठेवणें हेंच तिला मोकळें ठेवणें होय. ज्यांनीं एकेकाळीं समुद्र रिकामा समजून बांधला त्यांची चूक जमिनीच्या बाबतींत आपण पुन्हां करूं नये.

शेवटीं एक गोष्ट सांगून हा लेख पुरा करितों. २०२० च्या जानेवारींत उस्मानाबाद येथें, म्हणजे आजच्या धाराशिवास, त्र्याण्णवावें अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलें. त्याचे अध्यक्ष वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. ‘सुवार्ता’ मासिकाचे ते दीर्घकाळ संपादक. बायबलाचें ‘सुबोध बायबल’ हें त्यांचें मराठी रूप सर्वपरिचित आहे. वसईची हिरवी जमीन राखण्याच्या चळवळींतही ते पुढें होते. २०२४ च्या जुलैंत ते निवर्तले. संमेलनाच्या त्या आसनावर बसलेले ते पहिले ख्रिस्ती धर्मगुरु. १७३९ सालीं ज्या समाजास प्रार्थनेची मोकळीक लिहून दिली गेली, त्याच समाजांतला हा पुरुष. त्या तहाच्या वेळीं चिमाजीआप्पांच्या छावणींत कोणाच्या स्वप्नींही हें आलें नसेल. मोकळीक देणाऱ्यास आपण काय दिलें हें त्या क्षणीं पुरतें कळत नाहीं. घेणारा पुढें तिचें काय करील हें तर मुळींच कळत नाहीं. तरीही ती द्यावी लागते. आपण काय करावें हें आधीं ठरवून घेऊन जी दिली जाते तिच्यासाठीं आपल्या भाषेंत ‘मुभा’ हा निराळा शब्द आहे, आणि तो निराळाच राहावा.